दुमत असण्याचं कारण

'दुमत' हा शब्द कानावर पडला की त्याच्या मागून 'नाही' येणार हे आपण धरूनच चालतो. 'त्यांच्या कर्तृत्वाविषयी दुमत नाही.' 'शिक्षण मातृभाषेतून व्हायला हवं, यात दुमत असण्याचं कारण नाही.' 'रस्ते सुधारले पाहिजेत, याबद्दल कुणाचंही दुमत असू शकत नाही.' सत्काराचं भाषण असो, अग्रलेख असो की पुस्तकाची प्रस्तावना, हे वाक्य कुठे ना कुठे भेटतंच. माझं निरीक्षण असं की ज्या गोष्टीबाबत खरोखरच दुमत नसतं, तिच्याबाबत हे वाक्य कुणी उच्चारत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो याविषयी दुमत नाही, असं कोण कशाला म्हणेल? समोरच्या गर्दीत दोन-चार कपाळांवर आठ्या दिसायला लागल्या की वक्ता घाईघाईनं दुमत नसल्याचं जाहीर करून मोकळा होतो.

गंमत म्हणजे असहमती सांगण्यासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत, त्यांत हा मला सगळ्यात सभ्य वाटतो. त्यात राग नाही, आवाज चढलेला नाही. दोन मतं आहेत, एवढंच तो सांगतो. आणि नेमका तोच आपण 'नाही'च्या दावणीला कायमचा बांधून टाकला आहे.

एक अपवाद मात्र आहे. इतिहासाचे संशोधक हा शब्द सरळ वापरतात. 'याबाबत अभ्यासकांत दुमत आहे' असं लिहितात आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. शिवाजी महाराजांची जन्मतिथी कितीतरी वर्षं अशा दुमतात होती. एका बाजूला वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. दुसऱ्या बाजूला फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची जुनी नोंद, प्रसिद्ध केली, तिच्यात ही दुसरी तिथी होती आणि पारडं हळूहळू तिकडे झुकलं. पुढे राज्य शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तरी जयंती तारखेनं करायची की तिथीनं, हा प्रश्न दरवर्षी नव्यानं निघतोच. कागद आणि शकावल्या समोरासमोर असतात तोवर आपण त्याला दुमत म्हणतो. तीच गोष्ट चौकात आली की तिचा वाद होतो.

वाद म्हटल्यावर आठवलं, 'वादग्रस्त' हा शब्द कधी नीट पाहिलाय? पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त आणि त्यांच्या पंक्तीला वादग्रस्त. म्हणजे एखाद्या विषयावर लोकांची दोन मतं झाली की तो विषय आपल्या लेखी आपत्तीत सापडला. आता त्याला मदत छावणीत हलवायचं तेवढं बाकी.

'हरकत'ची कहाणी याहून मजेदार आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. हिंदीत त्याचा अर्थ कृती, बहुतेकदा नको ती कृती. गाण्यात हरकत म्हणजे गायकानं सुरांशी केलेली चपळ, छोटी खेळी. ती साधली की श्रोते 'क्या बात है' म्हणतात. मराठीत मात्र हालचालीचा अर्थ उलटा झाला आणि हरकत म्हणजे अडथळा ठरला. 'काही हरकत नाही' हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, 'हरकत आहे' असं वर्षातून एकदा. सरकारदरबारी तर 'ना हरकत' नावाचं प्रमाणपत्रच मिळतं. तुमच्या कामाला कुणाचा पाठिंबा आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. कुणी आडवं येणार नाही एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यासाठी तुम्ही चार खेटे घातलेले असतात. हरकतीला होकारार्थी जागा एकच उरली आहे. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत, बारीक टायपात, 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत'.

राजकारणाच्या बातम्यांमध्ये तर मत हा प्रकारच नसतो, नुसती मनःस्थिती असते. अमुक नेत्याचं पक्षाच्या धोरणाशी पटत नाही, असं कुणी छापत नाही. 'अमुक नाराज' असं छापतात. मग धुसफूस, मग कुरबुर, मग नाराजीनाट्य. आजार मनाचा ठरवल्यावर औषधही मनाचंच, म्हणून मनधरणी होते, समजूत काढली जाते. शेवटी ते नेते बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोर सांगतात, 'आमच्यात मतभेद असतील, मनभेद नाहीत.' टाळीचं वाक्य आहे. पण त्या मतभेदाचा मुद्दा नेमका काय होता, हे तोवर वाचकाला कळलेलं नसतं. कधी कधी मला शंका येते, त्यांनाही आठवत नसावा.

या सगळ्यांच्या शेजारी दुमत ठेवून पाहा. 'माझा विरोध आहे', 'माझा आक्षेप आहे', 'माझी हरकत आहे' ही वाक्यं तोंडातून सहज निघतात. 'माझं दुमत नाही' हेही निघतं. आता 'माझं दुमत आहे' म्हणून बघा. जीभ अडखळते. दुमत एकट्याचं असू शकत नाही, ते आपल्यात असतं, दोघांत असतं. विरोध म्हटला की आधी काहीतरी ठरलेलं आहे आणि कुणीतरी त्याच्यासमोर उभं ठाकलं आहे, असं चित्र तयार होतं. विरोध करणाऱ्यानं कारणं द्यायची आणि ठरवणाऱ्यानं ऐकून घेण्याचे उपकार करायचे. दुमतात कुणाचं मत आधीचं आणि कुणाचं नंतरचं हे ठरलेलंच नाही. दोन मतं आहेत, आणि कारणं दोघांनीही द्यायची आहेत. मला या शब्दाचं आकर्षण वाटतं ते यासाठी.

पण त्याचं घराणं वाईट निघालं. 'दु'नं सुरू होणारे, दोन सांगणारे मराठी शब्द आठवत गेलं की लक्षात येतं, आपल्याला दोन हा आकडाच फारसा मानवत नाही. दुतोंडी. दुटप्पी. दुफळी. दुही. दुजाभाव. दुभंग. दुमजली घर आणि दुपदरी रस्ता सोडला तर या गोतावळ्यात धड नाव कुणाचं नाही. त्यात संस्कृतातला 'दुर्' शेजारीच राहायला. दुर्मती, दुर्गुण, दुराग्रह यांच्या सहवासात दुमतालाही तोच वास लागला असावा. ऐकणाऱ्याला दोन मतं ऐकू न येता वाईट मत ऐकू येतं.

घरात आपण असहमती कशी दाखवतो, हा एक वेगळाच प्रांत आहे. खरं तर नकारासाठी मराठीइतकी सोय कमी भाषांमध्ये असेल. 'नाही' वेगळं, 'नव्हे' वेगळं, 'नको' वेगळं, 'नये' वेगळं. पेन इथे नाही, हे पेन माझं नव्हे, मला पेन नको, दुसऱ्याचं पेन घेऊ नये. चारही नकार आणि चारही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. नकाराचं क्रियापद तर माणसागणिक चालतं. नाहीस, नाहीत, नकोस, नका. एवढी हत्यारं हाताशी असताना आपण करतो काय, तर 'नाही'चा उपयोग घसा साफ करायला करतो. 'नाही, मी काय म्हणते…' अशी सुरुवात करून माणसं पुढे संपूर्ण होकार देतात. 'नाही नाही, बरोबरच आहे तुमचं' हे तर रोजचंच.

आणि जेव्हा खरोखर नाही म्हणायचं असतं तेव्हा 'नाही' गायब होतं. 'बघू.' 'विचार करून सांगतो.' 'असेल बुवा.' लग्न ठरवताना स्थळ पसंत नसलं तर 'पत्रिका जमत नाही' असा निरोप जातो आणि बिचारे ग्रह दोन्ही घरांची अब्रू राखतात. साखर संपली असं म्हणू नये, 'साखर वाढली' म्हणावं, कारण वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणत असतो, असं सांगणाऱ्या घरांत आपण वाढलो. डब्यातल्या साखरेबद्दल नकार उच्चारायची चोरी, तिथे सासऱ्यांच्या मताबद्दल तो कोण उच्चारणार?

या प्रांतातलं सगळ्यात धारदार वाक्य मात्र नकाराचं वाटतच नाही. 'माझं काही म्हणणं नाही.' ज्यांनी ते घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं आहे, त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. म्हणणं भरपूर आहे, ते तुला माहीत आहे आणि मी ते बोलणार नाही, म्हणजे तुला उत्तर देण्याची संधीही मिळणार नाही, असा तो अर्थ. 'तुला योग्य वाटेल ते कर' हा त्याचा सख्खा भाऊ. वडिलांनी हे वाक्य उच्चारून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं की घरात किती तरी बेत त्या कागदाआड संपतात. उघड विरोध झाला असता तर वाद घालता आला असता, चार कारणं मांडता आली असती, एखादं पटलंही असतं. मौनाशी वाद घालता येत नाही. मौन म्हणजे संमती, असं म्हणणाऱ्या माणसानं मराठी घर आतून पाहिलेलं नसावं.

एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षं होते. तिथल्या सभांचं इतिवृत्त लिहिणारे लेखनिक फार व्यवस्थित. अक्षर मोत्यांचं. विषयपत्रिका हातात आली की ते आदल्या दिवशीच वहीत ठराव लिहून ठेवत, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरती जागा मोकळी सोडून. ठरावाच्या शेवटचे दोन शब्दही आधीच लिहिलेले असत, 'सर्वानुमते मंजूर'. सभेत त्यांना फक्त नावं भरावी लागत.

एकदा जुन्या मासिकांचे बांधीव अंक काढून टाकायचा विषय आला. काही अंकांना वाळवी लागली होती, काहींची शिवण सुटली होती, आणि कपाटांची जागा नव्या पुस्तकांना हवी होती. मागायला कुणी येत नव्हतं, हेही खरं. कार्यवाहांनी ठराव वाचला, अनुमोदन मिळालं, अध्यक्ष म्हणाले, "तर मग सर्वानुमते—"

"माझा विरोध लिहून घ्या," नाना म्हणाले. नाना कार्यकारिणीतले सगळ्यात ज्येष्ठ, आणि आवाज कधी न चढवणारे.

"नाना, तुमचं म्हणणं पटतंय हो आम्हाला," अध्यक्ष म्हणाले, "पण जागा कुठाय?"

"पटतंय तर ठराव का करताय? आणि पटत नसेल तर तसं सांगा. मला दोन्ही चालेल."

"नाही, तसं नाही, नाना…"

"जागा नाही हे मलाही दिसतंय. बहुमत तुमचं आहे, तुम्ही ठराव करा. फक्त 'सर्वानुमते' लिहू नका. मी सर्वांत आहे की नाही?"

यावर खजिनदार जरा वैतागूनच बोलले, "एका माणसासाठी रेकॉर्ड कशाला खराब करायचं?"

मला ते 'रेकॉर्ड खराब' फार बोलकं वाटलं. एका माणसाचं मत वहीत उतरलं तर वही खराब होते, पण ते उतरलं नाही तर मात्र स्वच्छ राहते. पाच-सात मिनिटं नानांची समजूत काढण्यात गेली. त्यांच्या मुद्द्यावर कुणी बोलत नव्हतं. अंक ठेवावेत की नाही हा प्रश्नच मागे पडला आणि नानांनी हट्ट सोडावा की नाही हा विषय झाला. शेवटी लेखनिकांनी पट्टी घेतली, 'सर्वानुमते'वर सरळ रेघ मारली, वर 'बहुमताने' लिहिलं आणि खाली एका ओळीत नानांचं नाव आणि त्यांचं कारण. अंक रद्दीत गेलेच. मग चहा आला. नाना खजिनदारांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करू लागले. अवघडलेले होते ते बाकीचे. ठराव त्यांच्या मनासारखा झाला होता आणि तरीही काहीतरी बिनसल्यासारखे ते कपातला चहा ढवळत होते. बिनसाखरेचा घेणारेसुद्धा.

नानांचा आग्रह विचित्र वाटेल, पण कायद्यालाही तो विचित्र वाटत नाही. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार संचालक मंडळाच्या इतिवृत्तात एखाद्या ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावं नोंदवावी लागतात. पुढे काही उलटसुलट झालं तर कोण काय म्हणालं होतं, हे कळायला हवं म्हणून. विधिमंडळात आवाजी मतदान होतं, 'होयचे बहुमत' असा पुकारा होतो, पण सदस्यांनी मागणी केली तर मतविभागणी घेऊन मोजणी करता येते. मोजायची सोय आधीपासूनच आहे. मोजून घ्यायला आपल्यालाच संकोच वाटतो.

एकमताच्या या हौसेला गावपातळीवर एक अभिमानाचा शब्द आहे, 'बिनविरोध'. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की कमानी लागतात, गुलाल उधळतात. भांडणं टळली, खर्च वाचला, हे त्यातलं चांगलं मीही मानते. गावात निवडणुकीनं पेटलेली वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालतात, हे ज्यांनी पाहिलंय ते बिनविरोधचं मोल जाणतात. पण बिनविरोध म्हणजे विरोध नव्हता, की विरोध दिसला नाही? २०२१च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तिथे सरपंचपदासाठी जाहीर लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. बोली लागली, पैसा गावाच्या मंदिराला द्यायचा ठरला आणि मतदानाची गरजच उरली नाही. सगळं गाव एका सुरात. देवाचं काम होतंय म्हटल्यावर दुमत कुणाचं असणार?

मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर आलं. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ साली आणखी एक पाऊल टाकलं. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत 'कोणीही नाही'ला सर्वांत जास्त मतं पडली, तर निवडणूक पुन्हा घ्यायची. छापील, अधिकृत नकार. पण बिनविरोध झालेल्या जागी मतदानच होत नाही, त्यामुळे ते बटण दाबायची संधीही येत नाही.

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण याच मनातून आलेली. पाच जण जे म्हणतील ते देवाचं. मला तिच्यातलं शहाणपण कळतं. पण याच मातीत तुकोबांनी म्हणून ठेवलं आहे, 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥'. साक्षीदार म्हणून स्वतःच्या मनाला उभं केलं, बहुमताला नाही. आणि 'भेदाभेद भ्रम अमंगळ' म्हणणारे तुकोबाही हेच. पुष्कळ जण ही दुसरी ओळ मतभेदांवर फेकतात. बघा, भेद अमंगळ आहे, तेव्हा वाद मिटवा. पण तो भेद माणसामाणसांत उच्चनीच ठरवणारा. तो न मानणाऱ्या माणसालाच बहुमत न मानण्याची वेळ आली, हा क्रम आपण सोयीनं विसरतो.

मराठी माणसानं पाहिलेलं सगळ्यात मोठं दुमत कुणाचं, असं विचारलं तर मी टिळक आणि आगरकर यांचं नाव घेईन. १८८१मध्ये 'केसरी' निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, यावरून पुढे इतकं अंतर पडलं की १८८७मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचं 'सुधारक' काढलं. आपण ही गोष्ट सांगताना दोन मित्रांच्या ताटातुटीची करुण कथा म्हणून सांगतो. मला तिच्यातला मधला काळ जास्त ओढतो. 'सुधारक' निघाल्यावरही दोघे दोन वर्षं एकाच शिक्षणसंस्थेचे आजीव सदस्य होते. दोन पत्रांतून एकमेकांवर कठोर लेख लिहायचे आणि संस्था तीच. १८९०मध्ये टिळकांनी संस्था सोडली, ती सामाजिक सुधारणेच्या वादावरून नव्हे. आजीव सदस्यांनी बाहेरची कामं आणि बाहेरची मिळकत घ्यावी का, या प्रश्नावर ते टोकाला गेलं. तत्त्वाचं दुमत वर्षानुवर्षं निभावलं, आणि मोडलं ते रोजच्या कामाच्या नियमांवरून. कुठल्याही कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार' हे आगरकरांचं ब्रीद. बोलणं आणि करणं यांतलं अंतर त्यांनी उघड मान्य केलं होतं. करायला जमणार नाही म्हणून बोलायचंच नाही, असा सौदा त्यांनी केला नाही.

अशा बोलण्याचं पुढे काय होतं? बहुतेकदा काहीच होत नाही. नानांची ओळ त्या वहीत आहे, वही कपाटात आहे. पण कधी कधी होतं. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांसमोरच्या जबलपूर प्रकरणाचा निकाल लागला. अटक बेकायदा आहे म्हणून स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येईल का? चौघांनी सांगितलं, नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्यानं वेगळं निकालपत्र लिहिलं. पुढच्या जानेवारीत त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायाधीशांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. चार विरुद्ध एक. निकाल चौघांचाच लागू झाला, तुरुंगातली माणसं तुरुंगातच राहिली. आपल्या निकालपत्रात खन्नांनी एका अमेरिकन सरन्यायाधीशांच्या वचनाचा आधार घेतला होता, त्याचा आशय असा की असहमतीचं निकालपत्र हे येणाऱ्या दिवसाच्या बुद्धीकडे केलेलं अपील असतं.

तो दिवस २४ ऑगस्ट २०१७ला आला. गोपनीयतेच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं जबलपूरचा बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला आणि खन्नांचं बरोबर होतं असं म्हटलं. ते लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, आणि १९७६च्या चौघांत त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. मुलानं वडिलांचा निकाल रद्द केला, अशा मथळ्यांनी ती बातमी आली. मथळा सोपा होता. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एक्केचाळीस वर्षांनी ज्याच्याकडे बोट दाखवायचं, ते पान लिहिलेलं होतं. खन्नांनी त्या दिवशी 'माझं काही म्हणणं नाही' असं म्हटलं असतं तर बोट दाखवायला काही नसतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे काय, उठसूट 'नाही' म्हणत सुटायचं का? प्रत्येक सभेत असा एक माणूस असतो खरा. ठराव कुठलाही असो, त्याचा हात वर. आपल्या पूर्वजांनी त्याचाही बंदोबस्त करून ठेवला आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या प्राचीन शास्त्रात, गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. दोघांनी आपापला पक्ष मांडून सत्य शोधायचं तो वाद. जिंकण्यासाठी वाटेल त्या युक्त्या लढवायच्या तो जल्प. आणि स्वतःचा कुठलाच पक्ष न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत जायचं, ती वितंडा. मराठीनं यातला 'वितंडवाद' तेवढा उचलला आणि वाटेल तिथे वापरायला घेतला. खरा निकष किती सोपा आहे बघा. तुमचं दुसरं मत काय, एवढं विचारायचं. ते असेल तर वाद, नसेल तर वितंडा. दुमतही हेच मागतं. नुसतं 'हे नाही' पुरत नाही, दुसरं मत हजर करावं लागतं. नानांकडे ते होतं. एका कपाटाऐवजी भिंतीवर फळ्या मारून अंक ठेवता येतील, असं त्यांनी मोजमापासह लिहून आणलं होतं. तो कागद कुणी वाचला नाही, तो भाग वेगळा.

आणि पूर्वपक्ष ही तर आपल्याकडची फार मोठी शिस्त. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडायचं. आजच्या एखाद्या वाहिनीवरच्या चर्चेत हे करून दाखवा म्हटलं तर निवेदकासह सगळे घरी जातील.

तर मी अलीकडे 'दुमत'ला 'नाही'च्या दावणीतून सोडवायचं ठरवलं. एका समितीच्या बैठकीत मुद्दा आला, माझं मत निराळं होतं. मी मुद्दाम, शब्द मोकळा करून, म्हणाले, "या मुद्द्यावर आपल्यात दुमत आहे." शेजारचे गृहस्थ मान डोलावत म्हणाले, "अगदी बरोबर, ताई. दुमत असण्याचं कारणच नाही." मी पुन्हा सांगितलं. आहे, दुमत आहे. माझं मत आणि त्याची कारणंही सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. आठवड्यानं इतिवृत्त आलं, त्यात छापलं होतं, 'सदर विषयावर दुमत नसल्याने प्रस्ताव मंजूर करण्यात आला.' मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं, 'दुमत असूनही' असं हवं म्हणून. त्याचं उत्तर तत्परतेनं आलं. आपल्या दुरुस्तीस समितीची काहीही हरकत नाही.